रंगाखालची होडी

खाडीकाठच्या माणसाला होडीचे कौतुक नसते असे म्हणतात. ज्याच्या दारात होडी असते त्याला नसेलही. आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी दुसऱ्याच्या होडीतून खाडी ओलांडली. भाडे तरी दिले, नाहीतर कामाच्या बदल्यात टोकाला अंग चोरून बसले. म्हणून २०२२ सालच्या दिवाळीनंतर आम्ही दोघा भावांनी मिळून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली, तेव्हा आमच्या आईने तिच्यावरून नुसता हात फिरवला आणि विचारले, "ही आता आपली का?"

होडी घेण्यामागे हौस नव्हती. आमचे गाव दाभोळच्या खाडीकाठी. धाकट्या भावाचे मुंबईतले काम सुटले होते, आणि वहिनी वाडीतल्या बायकांबरोबर ओहोटीला खाडीपलीकडच्या भाटीवर तिसऱ्या काढायला जात असे. दिवसभर चिखलात वाकून ज्या तिसऱ्या निघत, त्यातला तिसरा वाटा होडीवाल्याचा. त्याचेही चुकत नव्हते. त्याची होडी, त्याची मेहनत. पण आपली होडी असती तर तो वाटा घरात राहिला असता, हा हिशेब सरळ होता.

इंजिनाची होडी आमच्या आवाक्यातली नव्हती. आणि शिडाची जुनी होडी आता कुणी घेत नाही, म्हणून ती स्वस्त मिळते. आमची अठरा फुटी, सव्वीस हजारांना मिळाली. दोन वर्षे मालकाच्या पडवीत कोरडी पडली होती. वर निळा रंग इतका ताजा की हात लावला तर चेहरा दिसेल. त्या रंगालाच आम्ही भुललो.

यात आमच्या आप्पांचा दोष आधी सांगतो, कारण तेही तो हसत हसत सांगतात. आप्पांनी मुंबईच्या गोदीत तीस वर्षे लोखंडी जहाजांचा गंज ठोकून काढण्याचे आणि रंग लावण्याचे काम केले. कोरड्या गोदीत दोरावर लोंबकळत त्यांनी किती जहाजे रंगवली असतील याची गणती नाही. त्यामुळे होडी दारात आली तशी त्यांनी ती आपल्या हातातली बाब ठरवली. फळ्यांच्या फटी दिसल्या, त्यात दुकानातला दगडासारखा सुकणारा मसाला भरला, वर रंगाचे दोन हात दिले. त्यांचे सारे आयुष्य लोखंडावर गेलेले. लोखंड पाण्यात फुगत नाही. लाकूड फुगते, एवढेच ते विसरले. आणि आम्हा भावांना तर तेही ठाऊक नव्हते.

पहिले दोन दिवस होडी झकास चालली. तिसऱ्या दिवशी वहिनी, शेजारच्या दोघी आणि आमची नऊ वर्षांची पुतणी भाटीवरून परतत होत्या. तीन टोपल्या भरलेल्या. दुपारचा खारा वारा सुटला होता. खाडीच्या मधोमध आल्यावर बुडाशी काहीतरी कडकन तुटल्यासारखे वाजले आणि पठाणालगतच्या सांध्यातून मसाल्याची वीतभर लांब पट्टी उडून आत पडली. तिच्या मागोमाग पाणी. फळ्या भिजून फुगल्या होत्या आणि मधल्या कडक मसाल्याला त्यांनी दोन्हीकडून चेपून बाहेर काढले होते. भाऊ सुकाणू सोडू शकत नव्हता. बायकांनी टोपल्या पाण्यात लोटल्या आणि एका बालदीने व जेवणाच्या डब्याने पाणी उपसायला सुरुवात केली. वारा आतल्या बाजूला नेत होता म्हणून होडी कशीबशी कांदळवनाच्या चिखलाला लागली. अंगावर एकीच्याही लाइफ जॅकेट नव्हते. त्या रात्री घरात कुणी जेवले नाही आणि आप्पा कुणाशी बोलले नाहीत.

चाचांचा चाकू

दुसऱ्या दिवशी भाऊ पलीकडच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या सुतारचाचांकडे गेला. होड्या बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. आम्हाला वाटले होते की ते रागे भरतील. ते आले, होडीभोवती एकदा फिरले, आणि आप्पांना म्हणाले, "बाबा, रंग सुंदर काढलात. आता तो खरवडा."

मग त्यांनी खिशातून लहान चाकू काढला. होडी कशी तपासायची ते आम्ही त्या दिवशी पाहिले आणि ज्यांना जुनी होडी घ्यायची असेल त्यांनी हे पैसे मोजण्याआधी करावे. चाकूचे टोक फळीत टोचायचे. चांगल्या लाकडात ते अडते आणि काढताना लाकूड त्याला धरून ठेवते. कुजलेल्या लाकडात ते केळ्यात जावे तसे जाते. शिवाय लाकडी हातोडीने ठोकत जायचे. निरोगी फळी खणखणते, कुजकी फळी ओल्या गोणपाटासारखी बोलते. आणि हे सर्व बाहेरच्या उघड्या अंगावर कमी, लपलेल्या जागी जास्त करायचे: नाळेच्या आतल्या कोपऱ्यात, बैठकीच्या फळ्यांखाली, डोलकाठीचा पाय जिथे बसतो त्या खाचेत, आतल्या बरगड्या फळीला टेकतात तिथे. विकणाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही, आणि घेणाऱ्याचे डोळेही.

आमच्या होडीच्या दोन फळ्या, दोन बरगड्या आणि डोलकाठीचा पाय इतके कुजके निघाले. चाचांनी कारण सांगितले ते आम्हाला नवीन होते. होडी खाऱ्या पाण्याने कुजत नाही, गोड्या पाण्याने कुजते. मीठ लाकूड राखते. पावसाचे पाणी कोपऱ्यात साचले, त्याला वारा लागला नाही, की लाकडाला बुरशी धरते आणि आतून त्याचा भुसा होतो. डोलकाठीच्या खाचेत पाणी साचत होते, कारण तिला खाली भोक नव्हते. नव्या खाचेला चाचांनी बोटभर भोक पाडले. इतकी साधी गोष्ट, पण तिच्याअभावी आमची काठी एखाद्या वादळात पायातून निखळली असती.

खाऱ्या पाण्याचे शत्रू वेगळे. लाकूड पोखरणारा समुद्रकिडा हा खरे तर किडा नसून शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. तो अगदी बारीक असताना सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत फळीची चाळणी करतो. बाहेरून काही दिसत नाही. होडी वरचेवर किनाऱ्यावर घेऊन वाळवली तर तो मरतो. आमची दोन वर्षे कोरडी पडलेली होती, हा त्यातल्या त्यात फायदा.

गळती कुठे आहे ते शोधताना चाचांनी घाई केली नाही. कोरड्या फळ्या आकसलेल्या असतात, त्यांच्या सगळ्याच फटी खऱ्या नसतात. म्हणून सगळा कडक मसाला खरवडून काढल्यावर त्यांनी होडी उथळ पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवायला लावली. आईला ते बघवेना. पैसे देऊन आणलेली वस्तू आपण होऊन बुडवायची! पण तिसऱ्या दिवशी पाणी उपसले तेव्हा निम्म्या फटी आपोआप मिटल्या होत्या. मग किनाऱ्यावर, नीट टेकू देऊन, आत वीतभरच पाणी ओतले आणि बाहेरून जिथे जिथे थेंब दिसला तिथे पुतणीने खडूने फुली मारली. वीतभरच, हे लक्षात ठेवावे. जमिनीवरची होडी काठोकाठ भरली तर पाण्याच्या वजनाने सांधे उसवतात. एकूण सतरा फुल्या झाल्या. या सतरा जागा खऱ्या.

खिळ्याची गोष्ट

फुल्यांपैकी बऱ्याच खिळ्यांच्या जागी होत्या. भोवती काळे वर्तुळ दिसले की समजावे, आतला लोखंडी खिळा गंजला. चाचांनी एक उपटून दाखवला. डोके शाबूत, टोक शाबूत, आणि मध्ये दाभणाएवढा बारीक.

आम्ही शहाणपणा करून चिपळूणहून किलोभर तांब्याचे खिळे आणले. तांबे गंजत नाही, मग तेच उत्तम, असा आमचा विचार. चाचांनी ते परत करायला लावले. तांब्याच्या खिळ्यांची होडी असेल तर सगळी तांब्याचीच हवी, जुन्या लोखंडाशेजारी तांबे मारू नये. खाऱ्या पाण्यात दोन वेगळ्या धातूंचा संबंध आला की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि त्यात लोखंड झिजत जाते.

ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला समुद्रकिड्यापासून बचाव म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले. किडा लागला नाही. पण १७६३ साली ती परत आल्यावर पाहिले तर पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही थोडे खिळे मात्र शाबूत राहिले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे त्या जागी खिळा आणि तांबे यांच्यामध्ये राहून गेले होते! आप्पांना ही गोष्ट फार आवडली. आम्ही जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी खिळे वापरले.

नव्या फळ्यांसाठी उंडीचे लाकूड मिळाले. होडीसाठी साग सर्वांत चांगला, पण भाव ऐकूनच आम्ही वखारीतून बाहेर पडलो. सागाची थोरवी आप्पा गोदीपासून ऐकत आलेले. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत उभी आहे. सागात तेल असते, त्यामुळे त्यातले लोखंडही लवकर गंजत नाही. इंग्लंडच्या ओक लाकडातल्या आम्लाने ते गंजते. अर्थात ती नौकाही नुसत्या सागावर टिकलेली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस कारागिरांनी दहा वर्षांहून जास्त काळ खपून तिची डागडुजी केली, तेव्हा ती आजची दिसते.

आमची फळी वाकवायला चाचांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून शेकोटीवर धरली. वर पाणी मारत, हळूहळू दाब देत. बरगडीसाठी सरळ लाकूड कापून वाकडे केले नाही, तर झाडावरच वाकडी वाढलेली फांदी निवडली. तिचा रेषा वाकासोबत जातो, त्यामुळे ती तडकत नाही.

सांधे भरताना सुती पिळा बोथट छिन्नीने ठोकून बसवायचा असतो. भाऊ जोर लावून ठोकू लागला तेव्हा चाचांनी त्याचा हात धरला. पिळा सैल राहिला तर पाणी येते, आणि फार घट्ट ठोकला तर फळी भिजून फुगल्यावर तिला जायला जागा उरत नाही व ती खिळ्यांवरून सुटते. त्यावर राळ आणि तेल कालवून केलेली मऊ लांबी. मऊ म्हणजे अखेरपर्यंत मऊ. फळीबरोबर दबणारी आणि पसरणारी. शेवटी सगळ्या अंगाला काजूच्या टरफलांचे तेल. हे कोकणातले जुने औषध आहे, पण ते कातडीला भयंकर भाजते. भावाने एक दिवस हातमोजे न घालता काम केले आणि आठवडाभर फोड घेऊन बसला. मुलांना त्याच्या जवळपास फिरकू देऊ नये.

भरतीची चूक

एक चूक आमची स्वतंत्र होती, ती आप्पांच्या किंवा विकणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. काम सुरू करताना आम्ही होडी अष्टमीला वर ओढली, कारण त्या दिवशी भाऊबंद मोकळे होते. अष्टमीला भांगाची भरती. पाणी कमी चढते. आमच्या मते होडी पाण्यापासून चांगली दूर होती. पण अष्टमीनंतर पाणी रोज थोडे थोडे वर येते आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. त्रयोदशीच्या रात्री एक फळी काढलेली, पोट उघडे, अशा होडीत खाडी शिरली. सकाळी आत गुडघाभर चिखल आणि दोन खेकडे होते. दोन दिवसांचे काम धुऊन काढण्यात गेले.

होडी ओढायची ती उधाणाच्या सर्वांत उंच भरतीला. म्हणजे पुढच्या उधाणापर्यंत निवांत काम करता येते. भरतीची वेळ काढायची रीत आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पाठ असते: तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. दहापाच मिनिटे इकडेतिकडे होतात, पण पुतणीला आता पंधराही तिथी तोंडपाठ आहेत.

शिडाचे काम वहिनीने केले. जुने शीड ठिकठिकाणी विरलेले, बोट घातले तर आरपार जाई. ती ते उसवून टाकणार होती, चाचांनी थांबवले. जुने शीड कितीही फाटके असो, नवे बेतायला तोच कागद. ते अंगणात पसरून त्यावरून कापड बेतले. शीड चादरीसारखे सपाट नसते, त्याच्या पोटात थोडा फुगवटा लागतो, नाहीतर वारा धरत नाही. वहिनी म्हणाली, "म्हणजे पोलक्यासारखेच की." आणि तिने खरोखरच पोलक्यासारखे बेतले. लांब शिवणी घरच्या मशीनवर, तिन्ही कोपरे दाभणाने, आत दोर घालून. सगळा ताण कोपऱ्यांवर येतो, तिथे चार घड्या कापड हवे. शीड वापरून झाले की आधी वाळवावे, मगच गुंडाळावे आणि सावलीत ठेवावे. ओल्याने सुती कापड काळे पडते. प्लॅस्टिकची ताडपत्री आणि नायलॉनचा दोर ओल्याला भीत नाहीत, पण त्यांना ऊन खाते. काथ्याचा दोर ओला दाबून ठेवला तर आतून कुजतो, म्हणून अधूनमधून पीळ उलगडून आतला रंग बघावा.

सगळा खर्च आईने वहीत लिहिला आहे तो असा. लाकूड साडेनऊ हजार. खिळे, पिळा, राळ, तेल मिळून चार हजार दोनशे. चाचांची चौदा दिवसांची मजुरी नऊशेप्रमाणे बारा हजार सहाशे; ते कमी घ्यायला तयार होते, आप्पांनी ऐकले नाही. आयुष्यभर ज्याने मजुरी केली त्याने दुसऱ्याची मजुरी कापू नये, एवढेच म्हणाले. डोलकाठी तीन हजार, शिडाचे कापड व दोरा सहा हजार सातशे, चार लाइफ जॅकेटे तीन हजार सहाशे. एकूण एकोणचाळीस हजार सहाशे. होडीच्या किमतीच्या दीडपट. जुनी होडी स्वस्तात मिळते म्हणणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा. शिवाय होडीचे कागद कुणाच्या नावावर आहेत आणि नोंदणी झाली आहे की नाही, हेही पैसे देण्याआधी पाहावे. आम्हाला त्यापायी पाच खेपा घालाव्या लागल्या.

पहिल्या पावसाळ्यात, २०२३ साली, आम्ही अतिकाळजी केली. होडी ताडपत्रीत गच्च गुंडाळून दोराने आवळली. नारळी पौर्णिमेला उघडली तर आत वाफ, उग्र वास आणि बैठकीखाली कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. पाऊस आत गेला नव्हता, पण वाराही गेला नव्हता. २०२४ पासून झावळ्यांचा उंच मांडव घालतो, दोन्ही तोंडे उघडी ठेवतो आणि होडी मागच्या बाजूला कलती करून बुडाचे बूच काढून ठेवतो. आत आलेले पाणी आले तसे निघून जाते.

तिसऱ्यांचा वाटा आता घरात राहतो. वहिनीबरोबर वाडीतल्या तिघी जातात. त्यांच्याकडून वाटा घ्यायचा की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी असे ठरले की वाटा नको, पण वर्षातून दोनदा होडी ओढायला आणि खरवडायला चौघींच्या घरची माणसे यावीत. ती येतात. कधी उशिरा येतात, पण येतात.

या वर्षी नाळेजवळची उजवीकडची तिसरी फळी चाकूला मऊ लागली आहे. तिचे लाकूड मागच्या पावसाळ्याआधीच आणून माळ्यावर वाळत टाकले होते. येत्या पौर्णिमेला, सव्वाअकराच्या भरतीला, होडी वर घ्यायची आहे. आप्पांनी चाकूला धार लावून ठेवली आहे. निळ्या रंगाचा डबाही त्यांनी कुठून तरी आणला होता, तो वहिनीने फळी बदलून होईपर्यंत लपवून ठेवला आहे.